कान कच्चा की मिक्स खराब? ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’वरच्या उलटसुलट मतांविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्लड इन्कँटेशन या बँडचा ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’ हा अल्बम तुम्ही तीनदा ऐकलात. कुणी त्याला शंभरपैकी शंभर देतंय, कुणी म्हणतंय ही सिंथेसायझर लावून केलेली बनवाबनवी आहे, याला डेथ मेटल (भरधाव ड्रम, जाडजूड गिटार आणि गुरगुरतं गाणं असलेलं मेटल) म्हणायचंच कशाला. तुम्हाला मधले शांत भाग आवडले; जोरकस भाग आले की सगळं एकदम अंगावर येतं आणि काहीच सुटं ऐकू येत नाही. त्यात मित्राने ऐकवलं की शांत भाग आवडले म्हणजे तुला डेथ मेटल आवडतच नाही. मग कान कच्चा की मिक्स खराब, आणि मत धरायचं कुणाचं?

मी गेली अठरा वर्षं मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळी मुद्रित केलेली वाद्यं एकत्र करून त्यांचा तोल बसवतो; त्यातलं निम्म्याहून जास्त काम असल्याच धिंगाण्याचं. त्याआधी चार वर्षं एका बँडमध्ये ड्रम वाजवायचो, तेही बेताचेच. त्यामुळे श्रोत्यांचे शालजोडीतले मी दोन्ही खुर्च्यांवर बसून खाल्लेत.

तुमचा खरा प्रश्न मला थोडा वेगळा दिसतो. तुम्हाला काय ऐकू आलं ते तुम्ही चार ओळींत अगदी नेमकं लिहिलंय. शांत भाग कुठे, जोरकस कुठे, कुठे गोंधळ होतो, सगळं आहे त्यात. पण बाकीचे तुमच्यापेक्षा ठासून बोलतायत, म्हणून स्वतःच्या कानावरचा भरवसा डळमळलाय. ठासून बोलणं आणि नीट ऐकणं यांचा संबंध फार कमी असतो. स्टुडिओत तर मला तो उलटाच दिसत आलाय.

या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: ऐकणाऱ्याने बोट ठेवलेली जागा बहुतेक वेळा बरोबर असते, आणि त्याने दिलेलं कारण बहुतेक वेळा चूक. एकदा एका बँडचा गायक मिक्स ऐकून म्हणाला, “स्नेअर मेलाय, वाढव.” (स्नेअर म्हणजे ड्रम सेटमधला काठीने वाजवायचा, कडक ठणकणारा ड्रम.) मी दोन डेसिबल वाढवला. “अजून मेलेलाच आहे.” आणखी वाढवला, तर त्या माइकमध्ये शिरलेल्या सिंबलचा फसफसाट वर आला आणि आता सगळंच किरकिरं झालं. तिसऱ्यांदा मी गिटार बंद करून नुसते ड्रम ऐकवले. स्नेअर ठणठणीत होता. भानगड दोन्ही ऱ्हिदम गिटारांत होती. दोनशे हर्ट्‌झच्या आसपास त्या इतक्या जाडजूड होत्या की स्नेअरचं सगळं मांस त्यांनी झाकून टाकलं होतं. गिटारांतून तिथले तीन डेसिबल काढले, स्नेअर मूळ जागी आणून ठेवला आणि पुन्हा वाजवलं. गायक खूश. “बघ, सांगत होतो ना, स्नेअर वाढवायलाच हवा होता.” मी म्हटलं, हो.

अल्बमवरची मतं मी याच नजरेने वाचतो. “प्रॉडक्शन टाकाऊ”, “आत्माच नाही”, “अतिशहाणपणा” ही कारणं झाली. ती बाजूला ठेवून हा माणूस नेमका कुठल्या जागेवर अडखळला ते शोधायचं. मतात जागा सापडली तर ते मत कामाचं, मग ते शिव्यांनी भरलेलं का असेना. सापडली नाही तर पुढचं मत वाचावं.

आता या अल्बमकडे येऊ. डेन्व्हरचा हा बँड. २०१६ साली ‘स्टारस्पॉन’, २०१९ साली ‘हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस’, आणि २०२२ साली ‘टाइमवेव्ह झीरो’, ज्यात ग्रोल, म्हणजे डेथ मेटलमधलं घशातून गुरगुरत गाणं, औषधालाही नाही, सगळा पसारा सिंथेसायझरचा. त्यानंतर २०२४ मध्ये तुमचा हा अल्बम. त्यात मोजून दोन रचना, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’. प्रत्येक रचना वीस मिनिटांच्या वर आणि तीन भागांत तोडलेली. त्या भागांना त्यांनी ‘टॅब्लेट’ म्हटलंय. ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झालं आणि ‘स्टारगेट’च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सामील आहे. म्हणजे १९७० च्या दशकातलं जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीत त्यांनी मागच्या दाराने आणलेलं नाही, राजरोस पाहुणा म्हणून बोलावलंय.

ही हकिगत सांगायचं कारण असं की या अल्बमवर बोलणारे निदान तीन वेगवेगळ्या दारांनी आत आले. २०१९ च्या अल्बमवर जीव असलेल्यांना त्याचाच पुढचा भाग हवा होता. सिंथेसायझरच्या बाजूने आलेल्यांना डेथ मेटलचे भाग म्हणजे वाटेतले खड्डे वाटले. आणि पिंक फ्लॉइड ऐकून वाढलेल्यांना ‘मेसेज’च्या दुसऱ्या भागात चक्क स्वच्छ आवाजातलं गाणं मिळालं, ते तिथेच विरघळले. तिघांनी तोच अल्बम ऐकला आणि तीन निकाल दिले. यात खोटं कुणीच बोलत नाहीये. फक्त “बँड अचानक बदलला” असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. २०१९ च्या अल्बमचं शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं आहे आणि त्यातही बँड बराच वेळ अवकाशात तरंगत असतो. ते ऐकूनही ज्यांना पुढचं दिसलं नाही, त्यांनी बहुधा तो अल्बम मधूनच बंद केला असावा.

आता जोरकस भागात सगळं अंगावर येतं त्याविषयी. इथे तुम्ही काय लावून ऐकता आणि किती आवाजात, यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही शक्यता सांगतो.

फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर थांबा, तुम्ही अल्बम अजून ऐकलेलाच नाही. एवढ्याशा स्पीकरमधून दोनशे हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, धक्का, बेस गिटार, गिटारांचं वजन हे सगळं तिथेच राहतं. उरतं काय, तर तार छेडायच्या प्लेक्ट्रमचा खरखराट आणि सिंबल. हेडफोन असूनही आवाज अगदी बारीक ठेवत असाल तरी हीच गत. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. हळू आवाजात ऐकलं की डेथ मेटलचा सांगाडा तेवढा उरतो. उलट फार मोठ्याने ऐकलं तर दहा मिनिटांत कान थकतो आणि सगळं सपाट होतं. मी काम करताना शेजारच्या माणसाशी थोडा आवाज चढवून बोलता येईल इतपतच आवाज ठेवतो. तुम्हीही तिथपासून सुरुवात करा.

दुसरी शक्यता अशी की यंत्र ठीक आहे, आवाजही ठीक आहे, फक्त कानाला या बोलीची सवय नाही. याला कच्चा कान म्हणत नाहीत. परक्या भाषेत भरभर बोलणारी चार माणसं एका खोलीत असली की शब्द सुटे पडत नाहीत, तसं हे आहे.

ही बोली इतकी दाट का, ते जरा हिशेबाने बघू. गाण्याची लय मिनिटाला २४० ठोक्यांची असेल आणि दोन्ही पाय किकवर सलग सोळांशात, म्हणजे लयीच्या एका ठोक्यात चार वेळा, चालत असतील, तर सेकंदाला सोळा ठोके पडतात. दोन ठोक्यांमध्ये साधारण साठ-बासष्ट मिलिसेकंदांची जागा. आता किकचा जो धम्म छातीत बसतो तो साठ हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि साठ हर्ट्‌झच्या एका आवर्तनालाच सतरा मिलिसेकंद लागतात. म्हणजे पुढचा ठोका येण्याआधी जेमतेम पावणेचार आवर्तनं होतात. धम्म पुरता उमटायच्या आत दुसरा धम्म त्याच्या डोक्यावर. परिणामी खाली नुसती गुणगुण राहते आणि ठोका ओळखायला हाती उरते ती बीटरची, म्हणजे किकवर आपटणाऱ्या दांड्याची, टकटक. म्हणून डेथ मेटलचे मिक्स करणारे किकमध्ये तीन-चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात ती टकटक मुद्दाम वर काढतात. त्यावर श्रोते म्हणतात, किक प्लास्टिकची वाटते, टाइपरायटर वाजतोय. जागा अगदी बरोबर! कारण मात्र ते देतात की इंजिनिअर आळशी, सॅम्पल, म्हणजे तयार मुद्रित ठोका, चिकटवून मोकळा झाला. कधी तेही असतं, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा तो लयीने घेतलेला हप्ता असतो. जाड, गोल किक हवी असेल तर पाय सावकाश चालवावे लागतील. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि हे बँडला समजावून सांगताना माझ्या कैक रात्री गेल्यात.

म्हणूनच ‘खराब मिक्स’ हा शब्द मी जपून वापरतो. फ्लोरिडात टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्सने जे अल्बम घडवले त्यांत ड्रमचा ठोका न् ठोका मोजता येतो. त्याच काळात स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेर्ग काम करत होता. तिथे एन्टूम्ड बँडच्या १९९० च्या ‘लेफ्ट हँड पाथ’साठी बॉस कंपनीचा एचएम-२ हा गिटारचा आवाज फाडणारा पेडल सगळी बटणं टोकाला फिरवून वापरला गेला. तो गिटारचा आवाज करवतीसारखा आहे, बाकी सगळ्यांना कापत जातो. टॅम्पाच्या मापाने मोजलं तर तो मिक्स चिखल आहे, आणि गेली तीसहून जास्त वर्षं लोक नेमक्या त्याच चिखलाची नक्कल करायला धडपडतायत. कारकास या बँडचा १९८८ चा पहिला अल्बम, ‘रीक ऑफ प्युट्रिफॅक्शन’, तर विहिरीत ध्वनिमुद्रित केल्यासारखा वाटतो, आणि तरी त्याचे भक्त आहेत. एखाद्याला त्यातली घाण आवडते, एखादा ती आवडल्याचं सोंग करतो. दोघांना वेगळं ओळखायची माझी एक युक्ती आहे. विचारायचं, “तिसऱ्या गाण्यात काय होतं?” भक्त त्यातला रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारा तुकडा, गुणगुणून दाखवतो.

मिक्सवरच्या मतांचं सगळ्यात बोलकं उदाहरण मला डेथ या बँडच्या ‘ह्यूमन’चं वाटतं. १९९१ च्या मूळ अल्बममध्ये स्टीव्ह डिजॉर्जिओची बेस गिटार जवळजवळ गाडली गेली होती. ती कुठे गेली, असं लोक वीस वर्षं विचारत राहिले. २०११ साली तो अल्बम नव्याने मिक्स होऊन आला आणि बेस वर आली. मग एका बाजूला “शेवटी न्याय मिळाला” आणि दुसऱ्या बाजूला “आमच्या अल्बमचं वाटोळं केलं”. दुसऱ्या बाजूची माणसं बहिरी नव्हती. वीस वर्षं त्यांनी जो तोल ऐकला तोच त्यांच्यासाठी तो अल्बम होता. बेस वर आल्यावर गिटारांचा पूर्वीचा धाक त्यांना कमी वाटला असणार. इथे दोन्ही बाजूंनी जागाही बरोबर सांगितली आणि कारणही. फक्त हवं वेगवेगळं होतं. मला विचाराल तर मी नवा मिक्स शिकण्यासाठी ऐकतो आणि जुना ऐकण्यासाठी ऐकतो.

इथवरचं एकत्र करायचं तर: तुम्ही बोट ठेवलेली जागा खरी आहे, तिचं कारण बरंचसं यंत्र, आवाजाची पातळी आणि सवय यांत असू शकतं, आणि ‘खराब’ हा शिक्का कुठल्या घराण्याच्या मापाने मारलाय ते विचारल्याशिवाय त्याला किंमत नाही.

मत कधी दिलंय, हेही बघत चला. पहिल्या आठवड्यातली मतं बहुतेक करून अपेक्षेविषयी असतात. मॉर्बिड एंजल या बँडचा ‘इल्लुड डिव्हिनुम इन्सानुस’ २०११ साली आला, आधीच्या अल्बमनंतर आठ वर्षांनी आणि त्यांचा जुना गायक डेव्हिड व्हिन्सेंट परत आल्यानंतर. त्यात काही गाण्यांत डान्स क्लबातले ठेके निघाले आणि लोक पिसाळले. अल्बममध्ये सरळसोट डेथ मेटलची गाणीही आहेत, पण त्यांविषयी फारसं कुणी बोललंच नाही. ती गाणी थोर आहेत असं माझं म्हणणं नाही, बेताची आहेत. पण त्या आठवड्यात लोक आठ वर्षांच्या वाट पाहण्याला गुण देत होते. उलट बाजूला गॉरगट्स या बँडचा १९९८ चा ‘ऑब्स्क्युरा’. गिटार किंचाळतात, रिफ सांध्यांतून निखळल्यासारखे चालतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तो अकरा मिनिटांत बंद केला होता आणि मित्राला सांगितलं होतं की यांना वाद्यं जुळवता येत नाहीत. आज बेसूर वळणाने जाणाऱ्या अख्ख्या एका डेथ मेटल शाखेचं मूळ त्या अल्बममध्ये शोधतात. मीही जागा बरोबर सांगितली होती बरं का, वाद्यं एकमेकांना टोचत होतीच. ती टोचण्यासाठीच तशी बसवलीत, हे कळायला मला चार वर्षं लागली.

म्हणून ‘अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर’वरची शंभर गुणांची मतं आणि शून्य गुणांची मतं, दोन्ही मी सध्या सारख्याच अंतरावर ठेवतो. मला उपयोगी पडलेलं मत एका श्रोत्याचं होतं, ज्याने गुण दिलेच नव्हते. त्याचं म्हणणं एवढंच की पहिल्या भागात धडाक्याने सुरुवात होते आणि ताप चढायच्या आत बँड तरंगायला लागतो, तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटलं. ही जागा झाली. मी तिथे जाऊन ऐकलं आणि मला ते वळण आवडलं, पण तो कशाविषयी बोलतोय ते शंभर टक्के कळलं. असं बोलणारी दोन-तीन माणसं हेरून ठेवा. त्यांची आवड तुमच्याशी जुळायची गरज नाही. माझ्या ओळखीत एक जण आहे, त्याला जे मिक्स ‘फार स्वच्छ’ वाटतात ते मला हमखास आवडतात. गेली दहा वर्षं मी त्याच्या नापसंतीवर अल्बम विकत घेतोय.

सुटं ऐकायचं कसं, ते सांगतो. तीन बैठका करा, एका बैठकीत एकच वाद्य. पहिल्यांदा फक्त स्नेअर, बोटाने टेबलावर धरत. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा तो भरधाव सलग मारा, सुरू झाला की बोट हरेल, हरू दे. पण तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे बोटाला कळेल, आणि गाण्याचे तुकडे तिथेच पडतात. दुसऱ्यांदा बेस गिटार. या बँडची बेस फ्रेटलेस आहे, म्हणजे मानेवर पट्ट्या नाहीत, त्यामुळे सूर घसरत जातात आणि बाकीच्या दाटीतही ती वेगळी काढता येते. तिसऱ्यांदा ग्रोल. त्यात शब्द शोधू नका. ग्रोलमध्ये गाण्यासारखी सुरावट नसते, म्हणून त्याला आणखी एक ताशा समजा; कुठे पडतो, किती लांब राहतो, रिफच्या आधी येतो की नंतर, एवढंच बघा. शब्द वाचायचे तर नंतर कागदावर वाचावेत.

आणखी एक, हेडफोनचं. दोन गिटारवाले असलेल्या बहुतेक डेथ मेटल अल्बममध्ये एक गिटार पार डावीकडे आणि दुसरी पार उजवीकडे टाकलेली असते. गोंधळाची जागा आली की एका कानातला इअरफोन काढा. निम्मी गर्दी तिथल्या तिथे कमी होते. मग दुसऱ्या कानाने तीच जागा ऐका. पुष्कळदा दोघे एकच रिफ वाजवत असतात, आणि मधेच एक जण वाट सोडतो. तो कुठे सोडतो हे एकदा सापडलं की दोन्ही कानांनी ऐकतानाही ते ऐकू येत राहतं.

राहिला तुमचा मित्र. शांत भाग आवडणं म्हणजे डेथ मेटल न आवडणं, या त्याच्या म्हणण्याची परीक्षा तुम्ही घरी घेऊ शकता. ‘स्टारगेट’चा दुसरा भाग गाळून पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारा. दुसऱ्या दिवशी तिन्ही भाग सलग ऐका. दोन्ही वेळा आवाजाचं बटण एकाच जागी हवं, कारण एखादा डेसिबल जास्त असला तरी कान त्याच बाजूला कौल देतो. सलग ऐकताना तिसऱ्या भागातली धडक जास्त मोठी वाटली, तर तुम्हाला शांत भाग आवडतात ते त्या धडकेसकट. दोन्ही वेळा तिसरा भाग नकोसाच वाटला, तर मित्र निदान या अल्बमपुरता बरोबर आहे. मग ‘टाइमवेव्ह झीरो’ लावा. तो तुमच्याचसाठी बनवल्यासारखा आहे आणि त्यात कुणी गुरगुरणार नाही.

कुठल्या कानात काय सापडलं, आणि ऐकायला काय वापरता, तेवढं मात्र इथे लिहा. यंत्र कळलं तर गोंधळ नेमका कुठल्या पट्ट्यात होतोय ते मला जास्त नेमकं सांगता येईल.